जपानमध्ये घर मांडताना: रोजच्या रीतींची मार्गदर्शिका

नोकरी, शिक्षण किंवा जोडीदाराची बदली अशा कारणाने जपानमध्ये काही वर्षे राहायला जाणाऱ्या माणसाला पर्यटकांसाठी लिहिलेल्या सूचना फार काळ पुरत नाहीत. वाकून नमस्कार कसा करावा, उपाहारगृहात बक्षिसी द्यावी की नाही, हे तिथे पोहोचल्यावर दोन-चार दिवसांतच उमगते; परंतु कचऱ्याची कोणती पिशवी कोणत्या वारी बाहेर ठेवायची, शेजाऱ्यांच्या दारात प्रथम केव्हा जायचे, किंवा आलेल्या भेटीची परतफेड किती रकमेची करायची, हे प्रश्न घर मांडल्यावरच उभे राहतात आणि त्यांची उत्तरे सहसा कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून या लेखात अशा गोष्टींना अधिक जागा दिली आहे. पुढील सूचना वाचताना एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुष्कळशा रीती पाठ करण्याची गरज राहत नाही: आपल्यामागून जो कोणी ती जागा, ती वस्तू किंवा ते पाणी वापरणार आहे, त्याला ते नीटनेटके मिळावे, एवढ्यासाठीच यांतील बहुतेक रीती आहेत.

पहिले दोन आठवडे

नव्या घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत शहराच्या, वॉर्डाच्या किंवा गावाच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. जाताना पासपोर्ट आणि झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, सोबत न्यावे. १६ वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी रहिवाशाने हे कार्ड एरवीही नेहमी जवळ बाळगायचे असते. नोंदणी उरकून लगेच परत फिरू नये. त्याच कार्यालयात त्या भागाचे कचरा उचलण्याचे वेळापत्रक आणि पूर-भूकंपाच्या वेळी कोठे जायचे हे दाखवणारा नकाशा मिळतो, आणि बऱ्याच शहरांत या दोन्ही गोष्टी इंग्रजीसह अनेक भाषांत छापलेल्या असतात. पुढची कित्येक वर्षे सर्वांत जास्त वेळा पाहिला जाणारा कागद म्हणजे हे कचऱ्याचे वेळापत्रक, त्यामुळे ते स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर लावावे.

दुसरे काम शेजाऱ्यांना भेटण्याचे. स्वतंत्र घर असेल तर समोरची तीन घरे आणि दोन्ही बाजूंची दोन घरे, आणि सदनिका असेल तर दोन्ही बाजूंचे, वरचे व खालचे शेजारी, असा जुना दंडक आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, या वेळी सोबा नावाच्या शेवया देण्याची पद्धत होती. आता ५०० ते १,००० येनपर्यंतचा टॉवेल, कपडे धुण्याची पावडर किंवा बरेच दिवस टिकणारी मिठाई कागदात बांधून, वर आपले आडनाव लिहून देतात. ही भेट सामान आणण्याच्या आदल्या दिवशी किंवा पुढच्या आठवडाभरात, दिवेलागणीच्या आत घ्यावी. दारातच उभे राहून "तोनारी नि हिक्कोशिते किमाशिता" (शेजारी राहायला आलो आहे), पुढे आपले आडनाव आणि शेवटी "योरोशिकु ओनेगाइ शिमासु" (लोभ असावा) एवढे म्हटले की पुरते. घरात जाऊ नये आणि दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबू नये. मोठ्या शहरांत, विशेषतः एकट्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतींत, ही चाल मागे पडली आहे आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी सुरक्षिततेसाठी ती पाळू नये असाही सल्ला दिला जातो. तरीही कुटुंबासह राहणाऱ्याने, आणि घरात लहान मूल असेल तर नक्कीच, हा उपचार टाळू नये असे माझे ठाम मत आहे. लाकडी किंवा हलक्या बांधणीच्या इमारतींत धावणाऱ्या मुलाच्या पावलांचा आवाज खालच्या घरात स्पष्ट ऐकू जातो, आणि ज्या मुलाचा चेहरा पाहिलेला आहे त्याचा आवाज सहन करणे माणसाला सोपे जाते. खालच्या शेजाऱ्यांना भेटताना मुलालाही सोबत न्यावे आणि आवाजाबद्दल आधीच क्षमा मागून ठेवावी. रात्री नऊ-दहानंतर कपडे धुण्याचे यंत्र किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, हेही याच संदर्भात सांगायला हवे.

उंबऱ्याच्या आत

प्रत्येक जपानी घराच्या दारात गेनकान नावाची, घराच्या जमिनीपेक्षा थोडी खालच्या पातळीवरची जागा असते. पादत्राणे तिथेच काढायची असतात आणि मोज्यांतला पाय त्या खालच्या जमिनीला न टेकवता थेट वरच्या पायरीवर ठेवायचा असतो, कारण बाहेरची धूळ जिथे थांबायला हवी ती रेषा म्हणजे तीच पायरी होय. पाहुणा म्हणून गेल्यास यजमानांकडे पाठ न करता चपला-बूट काढावेत, वर चढावे, मग गुडघ्यांवर बसून बूट उचलावेत आणि त्यांची टोके दाराकडे करून कडेला ठेवावेत. थंडीचा कोट घंटा वाजवण्यापूर्वीच काढून हातावर घ्यावा. आत मिळालेल्या सपाता लाकडी जमिनीवर चालतात. तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, अंथरलेल्या खोलीत मात्र त्या दाराबाहेर सोडून मोज्यांनी जावे, तातामीच्या कापडी किनारीवर किंवा दाराच्या चौकटीवर पाय देऊ नये आणि चाकांची बॅग उचलून न्यावी. शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालूनच बैठकीत परत येण्याचा घोटाळा नवख्यांकडून हमखास होतो. बाहेर पडताना त्या पुढच्या माणसाला सहज पाय घालता येतील अशा वळवून ठेवाव्यात.

कचरा

दैनंदिन जीवनातील सर्वांत कठोर शिस्त कचऱ्याच्या बाबतीत आढळते आणि शेजाऱ्यांचे आपल्याविषयीचे मत इतर कशाहीपेक्षा यावरूनच अधिक बनते. नियम देशभर एकसारखे नाहीत. एका शहरात जे जाळण्याच्या कचऱ्यात चालते, ते शेजारच्या शहरात प्लॅस्टिकच्या दिवशी वेगळे ठेवावे लागते. म्हणून ओळखीच्या माणसाने सांगितले म्हणून नव्हे, तर आपल्या शहराच्या किंवा वॉर्डाच्या कार्यालयाच्या वेळापत्रकात छापले आहे त्याप्रमाणे वागावे. तोकुशिमा प्रांतातील कामिकात्सु या डोंगराळ गावाने २००३ साली शून्य कचऱ्याचा संकल्प जाहीर केला. तिथे कचरा नेणारी गाडीच फिरत नाही आणि रहिवासी चाळीसहून अधिक प्रकारांत वर्गवारी करून तो स्वतः केंद्रावर आणून देतात. सर्वत्र इतकी बारीक वर्गवारी नसते, परंतु जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिकची वेष्टने, पेयांच्या बाटल्या, डबे, काच आणि कागद एवढे विभाग बहुतेक ठिकाणी असतात.

कामाची पद्धत अशी ठेवावी. ओल्या कचऱ्यातील पाणी पूर्ण निथळून तो वर्तमानपत्रात गुंडाळावा, म्हणजे पिशवीला वास सुटत नाही. पेयाच्या बाटलीचे झाकण आणि वरचा लेबलचा कागद काढून ते प्लॅस्टिकमध्ये टाकावेत, बाटली विसळावी आणि चेपून वेगळी ठेवावी. दुधाचे कागदी खोके धुऊन, कात्रीने उलगडून, वाळवून ठेवावे. ते परत घेण्याची पेटी सुपरमार्केटच्या दाराशी असते. तळणाचे उरलेले तेल मोरीत कधीही ओतू नये. ते कागदात टिपून घ्यावे किंवा दुकानात मिळणारी पूड घालून घट्ट करावे आणि मग जळणाऱ्या कचऱ्यात टाकावे. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर जपानीत "किकेन", म्हणजे धोका, असे लिहावे, कारण ती पिशवी कोणीतरी हाताने उचलणार आहे. मोबाइल व छोट्या उपकरणांतील लिथियम बॅटऱ्या साध्या कचऱ्यात मिसळल्याने गाड्यांना आगी लागतात, म्हणून त्या नेमून दिलेल्या ठिकाणीच द्याव्यात.

पिशवी कोणती वापरायची हेही ठरलेले असते. अनेक शहरांत पालिकेच्या ठरावीक पिशव्याच दुकानातून विकत घ्याव्या लागतात आणि अन्यत्र आतले दिसेल अशी पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवी चालते. ती सकाळी, बहुतेक ठिकाणी आठच्या आत, नेमलेल्या जागी न्यावी. आदल्या रात्री ठेवू नये, कारण कावळे आणि मांजरे ती फाडतात. तिथे जाळी असेल तर पिशवी जाळीखाली सरकवून जाळीची कडा पुन्हा नीट पसरावी. काही वस्त्यांत ही जागा झाडून जाळी आवरण्याची पाळी घरोघर फिरते, आणि ती आपल्याकडे आली की चुकवू नये. पिशवीवर कारण लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती मागे सोडलेली दिसली, तर ती आपलीच आहे असे ओळखून त्याच दिवशी घरी परत आणावी आणि पुन्हा वेगळी करावी. ती तशीच पडू देण्याइतके नाव खराब करणारे दुसरे काही नाही.

मोठ्या वस्तूंसाठी वेगळी व्यवस्था आहे. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारणपणे ३० सेंटिमीटरहून मोठी कडा असलेली घरगुती वस्तू मोठ्या कचऱ्यात धरतात; तिच्यासाठी फोनवर किंवा संकेतस्थळावर दिवस ठरवावा लागतो, कन्व्हीनियन्स स्टोअरमधून ठरलेल्या रकमेचा स्टिकर घेऊन वस्तूवर लावावा लागतो आणि मगच ती बाहेर ठेवता येते. दिवस मिळायला वेळ लागतो, म्हणून घर बदलण्याच्या बराच आधी नोंदणी करावी. दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्र, शीतकपाट आणि कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रे पालिका नेत नाही. २००१ साली अमलात आलेल्या कायद्यानुसार ती पुनर्वापराचे शुल्क भरून विक्रेत्याकडे किंवा नेमलेल्या केंद्राकडे द्यावी लागतात.

रस्त्यावर मात्र कचराकुंडी क्वचितच सापडते. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन या विषारी वायूचा हल्ला झाल्यानंतर स्थानकांवरील कुंड्या मोठ्या प्रमाणावर काढण्यात आल्या. बाहेर पडताना एक रिकामी पिशवी जवळ ठेवावी आणि दिवसभराचा कचरा घरी आणावा. जुलै २०२० पासून दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांना पैसे पडतात, तेव्हा कापडी पिशवीही सोबत असलेली बरी.

स्नानाचे पाणी

जपानी घरात स्नानाचे दोन वेगळे टप्पे असतात आणि ते दोन वेगळ्या जागी होतात. प्रथम टबाबाहेर, छोट्या स्टुलावर बसून, साबणाने अंग आणि केस स्वच्छ धुवायचे आणि सगळा फेस वाहून जाऊ द्यायचा. त्यानंतरच ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने भरलेल्या टबात शिरायचे. टब हा अंग धुण्यासाठी नसून शरीर गरम करून शिणवटा घालवण्यासाठी असतो, आणि त्याच पाण्यात घरातील सर्व माणसे एकापाठोपाठ एक बसतात. पाहुण्याला बहुधा सर्वांत आधी पाठवतात. त्याने नको म्हणून फार ताणू नये, परंतु आपल्यानंतर चार माणसे त्या पाण्यात उतरणार आहेत हे जाणून वागावे. टबात साबण नेऊ नये, लांब केस वर बांधावेत, पाण्यावर तरंगणारा केस दिसल्यास काढावा, बाहेर आल्यावर टबावर झाकण घालावे म्हणजे पाणी गरम राहते, आणि कोणत्याही कारणाने बूच उपसू नये. स्टूल आणि बादली धुऊन होती तशी ठेवावी. सर्वांचे स्नान झाल्यावरही हे पाणी वाया जात नाही; अनेक घरांत नळी लावून ते कपडे धुण्याच्या यंत्रात घेतात.

सार्वजनिक स्नानगृहात, म्हणजे सेंतोमध्ये किंवा गरम पाण्याच्या झऱ्यांवरील ओन्सेनमध्ये, हाच क्रम अधिक काटेकोरपणे पाळावा. अंगावर कपडा ठेवून पाण्यात उतरता येत नाही. स्त्रिया आणि पुरुषांचे विभाग वेगळे असतात. पहिल्या वेळी संकोच वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही आणि पाच मिनिटांत तो संकोच ओसरतो. सोबतचा छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये. तो कडेला किंवा डोक्यावर ठेवावा, आणि कपड्यांच्या खोलीत परतण्यापूर्वी त्यानेच अंग पुसावे, म्हणजे तेथील जमीन ओली होत नाही. गोंदलेल्या व्यक्तींना काही ठिकाणी प्रवेश नाकारतात, म्हणून आधी चौकशी करावी. सेंतोच्या दराची कमाल मर्यादा प्रत्येक प्रांताचे प्रशासन ठरवते. टोकियोत ऑगस्ट २०२४ मध्ये प्रौढांसाठी ती ५५० येन झाली. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा: टोकियोत जानेवारी २०२२ पासून ७ वर्षे किंवा त्याहून मोठ्या मुलाला आईबरोबर स्त्रियांच्या विभागात, किंवा मुलीला वडिलांबरोबर पुरुषांच्या विभागात नेता येत नाही.

पानावर बसल्यावर

जेवणापूर्वी हात जोडून "इतादाकिमासु" आणि नंतर "गोचिसोसामा देशिता" म्हणावे. चॉपस्टिक्सच्या बाबतीत दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या आहेत, कारण दोन्हींचा संबंध मृत्यूशी आहे. भातात त्या उभ्या खोचू नयेत, कारण मृत व्यक्तीसाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी याच रीतीने उचलतात. पदार्थ टोचून उचलणे, ताटांवरून चॉपस्टिक्स फिरवत राहणे, वाडगा त्यांनी ओढणे या गोष्टी अशोभनीय समजल्या जातात, पण परदेशी माणसाकडून त्या झाल्या तर कोणी मनावर घेत नाही. भाताचा आणि सूपचा वाडगा हातात उचलून खाणे योग्य असते. सोबा किंवा रामेन आवाज करत ओढून खाण्यास हरकत नसते. सुरुवातीला मिळणारा ओला टॉवेल हात पुसण्यासाठी असतो. त्याने तोंड किंवा टेबल पुसू नये. मित्रमंडळींत "कानपाइ" म्हणून सर्वांनी पेले उंचावेपर्यंत पेला तोंडाला लावू नये, आणि स्वतःचा पेला स्वतः न भरता शेजारच्याचा भरावा. इझाकाया, म्हणजे मद्यासोबत छोटे पदार्थ देणाऱ्या, उपाहारगृहात न मागता येणाऱ्या छोट्या पदार्थाचे ३०० ते ५०० येन बिलात धरलेले असतात. ती फसवणूक नसून तिथली पद्धत आहे.

शाकाहारी माणसाने मात्र अधिक सावध राहावे. "मी मांस खात नाही" एवढे सांगितल्यास यजमान मनापासून मासे वाढतील, आणि मासेही नको म्हटले तरी भाजी ज्यात शिजली ती दाशी (चवीसाठी केलेले सार) कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाची असण्याची शक्यता मोठी असते. कोणाच्या घरचे आमंत्रण स्वीकारतानाच, निदान काही दिवस आधी, "निकु मो साकाना मो ताबेमासेन, साकाना नो दाशी मो ताबेमासेन" (मांस आणि मासे खात नाही, माशाची दाशीही खात नाही) असे पूर्ण सांगावे. कोंबु नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशी चालेल, हेही सुचवावे. त्यामुळे रांधणाऱ्याला वाट सापडते. ताटात वाढल्यावर नकार देण्यापेक्षा आधी सांगणे यजमानांना केव्हाही अधिक सोयीचे असते.

रस्ता, गाडी आणि पैसे

रेल्वेगाडीत फोन आवाज बंद करून ठेवावा आणि त्यावर बोलू नये, पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, उतरणारे पूर्ण उतरेपर्यंत दाराच्या दोन्ही बाजूंना थांबावे. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे आणि ओसाकात उजवीकडे उभे राहण्याची सवय आहे. सायतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये जिन्यावर न चालता उभेच राहावे असे नियम केले आहेत. दुकानात पैसे विक्रेत्याच्या हातात न देता समोरच्या तबकात ठेवावेत. बक्षिसी देऊ नये. दिलीच तर ग्राहक पैसे विसरून गेला असे समजून कोणी मागे धावत येईल.

सायकल हे जपानी वस्त्यांतील खरे वाहन आहे, त्यामुळे तिचे नियम आल्या-आल्या समजून घ्यावेत. विकत घेताच पोलिसांकडील नोंदणी दुकानातच करून घ्यावी. कोणी आपली जुनी सायकल दिल्यास नोंदणी स्वतःच्या नावावर बदलून घ्यावी, नाहीतर वाटेत पोलिसांनी थांबवून क्रमांक तपासला की उत्तर देता येत नाही. एका हातात छत्री धरून किंवा फोन पाहत सायकल चालवणे गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून फोनबद्दलची शिक्षा अधिक कडक झाली आहे. स्थानकाबाहेर मोकळी जागा दिसली म्हणून सायकल लावल्यास ती उचलून नेली जाते आणि सोडवण्यासाठी शुल्क भरावे लागते. काही सापडले किंवा हरवले तर कोबान या छोट्या पोलीस चौकीत जावे. सापडलेल्या वस्तूचा मालक शोधण्यासाठी कायद्याने तीन महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. पोलिसांसाठी ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक मुलांनाही शिकवून ठेवावेत.

वस्तीचे आणि कार्यालयाचे

बहुतेक वस्त्यांत रहिवासी संघ असतो आणि त्याच्या सूचना एका फळीला लावून घरोघर फिरवतात. ही फळी दारात आली की वाचून, नावापुढे खूण करून, शक्य तर त्याच दिवशी पुढच्या घरी पोहोचवावी. भाषा येत नसेल तरीही ती अडवून ठेवू नये. १९२३ सालच्या कांतो भूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा आपत्तीनिवारण दिन १९६० पासून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी सराव होतात. या सरावाला अवश्य जावे. शेजाऱ्यांशी ओळख वाढवायला त्याहून चांगली संधी मिळत नाही आणि प्रत्यक्ष प्रसंगी कोठे जमायचे हेही पायाखालचे होते. सदनिकेच्या बाल्कनीत शेजारच्या घराला लागून असलेला पातळ आडोसा संकटात फोडून बाहेर पडण्यासाठी असतो, म्हणून त्याच्यापुढे सामान रचू नये.

नोकरीच्या ठिकाणी नमस्कारासाठी वाकण्याचे १५, ३० आणि ४५ अंशांचे तक्ते नवख्यांना दाखवले जातात. अंश मोजत बसण्यापेक्षा थांबून, बोलणे संपवून, मग पाठ सरळ ठेवून वाकणे महत्त्वाचे आहे. चालता-चालता मान हलवणे उद्धट दिसते. समोरच्याच्या आडनावापुढे "सान" लावावे, स्वतःच्या नावापुढे कधीही लावू नये. व्हिजिटिंग कार्ड म्हणून वापरायची ओळखपत्रिका दोन्ही हातांनी, अक्षरे घेणाऱ्याला सरळ दिसतील अशी द्यावी, आणि मिळालेली खिशात न कोंबता बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवावी. इतरांच्या आधी निघताना "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु" म्हणावे; त्यावर "ओत्सुकारेसामा देशिता" असे उत्तर येते. गाडी उशिरा आली तर स्थानकावर मिळणारे उशिराचे प्रमाणपत्र घ्यावे, परंतु फोन किंवा संदेश आधी करावा. सुट्टीवरून परतताना त्या गावची मिठाई, म्हणजे ओमियागे, आणण्याची रीत आहे. ती निवडताना प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असल्याची आणि विभागातील प्रत्येकाला एक तरी येईल एवढी संख्या असल्याची खात्री करावी. महाग मिठाई आणून दोघांना कमी पडण्यापेक्षा साधी आणून सर्वांना पुरलेली बरी.

देणे आणि परतफेड

भेटवस्तूंचा व्यवहार परदेशी माणसाला सर्वांत अवघड जातो, कारण त्यात घेणाऱ्याचीही जबाबदारी असते. वस्तू पिशवीतून काढून, दोन्ही हातांनी द्यावी, आणि मिळालेली वस्तू सांगितल्याशिवाय देणाऱ्यासमोर उघडू नये. लग्नाला मित्राने किंवा सहकाऱ्याने साधारणपणे ३०,००० येन द्यायचे असतात. नोटा बँकेतून घेतलेल्या कोऱ्या असाव्यात आणि खास पाकिटाची दोरी न सुटणाऱ्या गाठीची असावी. बाळाच्या जन्मासाठी मात्र पुन्हा सोडता येणाऱ्या गाठीचे पाकीट घ्यावे. अंत्यसंस्काराला याच्या उलट रीत आहे. पाकिटाची दोरी काळी-पांढरी असते, नाव फिक्या शाईने लिहितात, आणि नोटा वापरलेल्या देतात, कारण कोऱ्या नोटा म्हणजे मृत्यूची तयारी आधीच करून ठेवल्यासारखे दिसते; केवळ नवी नोट असेल तर तिला एक घडी घालावी. सहकाऱ्याच्या घरच्या प्रसंगी सामान्यतः ३,००० ते १०,००० येन देतात आणि ४ व ९ हे आकडे टाळतात. रकमेबद्दल शंका असल्यास विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्याला सरळ विचारावे. सर्वांनी सारखी रक्कम देण्यावर तिथे भर असल्यामुळे असे विचारणे गैर समजत नाहीत.

परतफेडीचा हिशेबही ठरलेला आहे. बाळासाठी किंवा अन्य शुभप्रसंगी आलेल्या भेटीच्या एक-तृतीयांश ते निम्म्या किमतीची वस्तू महिन्याभरात पाठवतात. अंत्यसंस्काराच्या रकमेची सुमारे निम्मी परतफेड बौद्ध पद्धतीने ४९ दिवसांनंतर केली जाते, परंतु अलीकडे त्याच दिवशी वस्तू हातात देण्याची चालही रूढ झाली आहे. मिळालेल्यापेक्षा मोठी वस्तू परत पाठवू नये, कारण त्यामुळे समोरचा पुन्हा ऋणात पडतो. जुलैतील ओचुगेन आणि डिसेंबरमधील ओसेइबो या हंगामी भेटी आता पूर्वीइतक्या दिल्या जात नाहीत; परदेशी माणसाने त्या स्वतः सुरू करू नयेत असे मी सुचवीन, कारण एकदा पाठवल्या की दरवर्षी पाठवाव्या लागतात. कोणाकडून आल्या तर दोन-तीन दिवसांत आभाराचा फोन किंवा पत्र जायला हवे.

वर्षअखेर

नववर्षाची पत्रे १५ ते २५ डिसेंबरच्या दरम्यान टाकली की टपाल खाते ती १ जानेवारीला एकत्र पोहोचवते. २००३ साली अशी सुमारे ४४६ कोटी पत्रे छापली गेली होती; त्यानंतर ही संख्या खूप घसरली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पोस्टकार्डाचा दर ६३ वरून ८५ येन झाल्यावर अनेकांनी पत्रे पाठवणे थांबवले. तरीही वयस्कर शेजाऱ्याला किंवा घरमालकाला हाताने लिहिलेल्या दोन ओळी पाठवाव्यात. त्या जपून ठेवल्या जातात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला आहे ते लोक डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तसे कळवणारे पत्र पाठवतात, आणि त्यांना नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू नयेत. हवे तर ७ जानेवारीनंतर थंडीत प्रकृती जपा अशा अर्थाचे पत्र पाठवावे.

डिसेंबरच्या अखेरीस घरे, कार्यालये आणि शाळा यांची मोठी सफाई होते आणि इमारतीच्या सामाईक सफाईची तारीख फिरत्या फळीवर येते. सरकारी कार्यालये २९ डिसेंबर ते ३ जानेवारी बंद असतात, बँकांचे व्यवहार ३१ डिसेंबर ते ३ जानेवारी थांबतात आणि जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांत बहुतेक ठिकाणी कचरा उचलला जात नाही. सफाईचा शेवटचा कचरा कोणत्या दिवशी नेला जाईल हे वेळापत्रकावर डिसेंबरच्या सुरुवातीलाच पाहून ठेवावे आणि मोठ्या वस्तूंची नोंदणी नोव्हेंबरमध्येच करावी, कारण डिसेंबरचे दिवस फार लवकर भरतात.